आपली सुडी शेवटी

बाबा, तुमची मळणीची पद्धत मी मोडीत काढली, हे आधीच सांगून टाकते. आडून आडून बोलायचा माझा स्वभाव नाही, आणि तो कोणाकडून आला हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुमचा हडंबा, ट्रॅक्टरला जोडायचं ते धूळ ओकणारं मळणीयंत्र, अजून चालू आहे. ड्रम दोनदा बदलला, सांगाडा तोच. पण आता तो एकटा नाही. शेलूबाजारच्या रोडवर मी टिनाचं एक शेड घेतलंय, आणि तिथून आसपासच्या गावांत सात हडंबे निघतात. एक आपला, सहा दुसऱ्यांचे. कोणता हडंबा कोणत्या दिवशी कोणाच्या शेतात जाईल, हे मी ठरवते. हो, मीच! जिला तुम्ही चारचौघांत विचारलं होतं, तुले मालक कोनं केलं वं, तीच मी. तर कोणी केलं नाही बाबा. माझी मीच झाले.

तुमची पद्धत काय होती ते आठवा जरा. सोयाबीन सोंगून झालं, शेतात त्याचा ढीग, म्हणजे सुडी, लागली, वर ताडपत्री झाकली, की लोक तुम्हाला स्टँडवरच्या हॉटेलात गाठायचे. "भाऊ, माही सुडी लागली, नंबर लावजा." ज्यानं आधी सांगितलं त्याचा नंबर आधी. कागद नाही, पेन्सिल नाही, सगळं डोक्यात. मग व्हायचं काय, की सकाळी नाल्याच्या अलीकडची एक सुडी, मग हडंबा नाला ओलांडून पलीकडे, दुपारी परत अलीकडे. दिवसातला निम्मा वेळ सुड्या मळण्यात आणि निम्मा हडंबा नुसता ओढण्यात. शेतात पोचल्यावर तुम्ही सुडीत खांद्यापर्यंत हात घालायचे, आतून गरम लागली, म्हणजे अजून ओली असली, की म्हणायचे, "आज नाही, उद्या येतो," आणि पुन्हा ओढाओढ सुरू. हे सगळं झालं की सगळ्यांत शेवटी आपली सुडी. परतीचा पाऊस नेमका तिलाच गाठायचा. आईनं ओसरीत ओलं सोयाबीन पसरायचं, दिवसभर पायानं फिरवत राहायचं, घरभर तो आंबूस वास, आणि तुम्ही चुलीपाशी बसून भाकर मोडत विचारायचे, "वाळून राह्यलं का?" काय तो प्रश्न! आईचे पाय फिरतच राहायचे. मी बोलायचे. दारातूनच म्हणायचे, "बाबा, मशीन आपली अन् सोयाबीनही आपलंच सडते, हे कोनतं शहाणपन?" तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "जेव तू."

त्या वर्षी मी अमरावतीला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एकोणीस वर्षांची, आणि डोक्यात नुसती हवा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. सुट्टीत आले आणि दोन दिवस उन्हात सगळी शेतं पायी फिरले. नाला कुठे, बैलगाडीची वाट कुठे, ट्रॅक्टर कुठून वळतो, सगळं कॉलेजच्या मोठ्या कागदावर काढलं आणि कडेला वरून खाली रस्त्याप्रमाणे नंबर लावले. हडंबा नाला एकदाच ओलांडेल आणि परत येणार नाही, असा हिशेब. सकाळी दुकानासमोरच्या लिंबाखाली दहा-बारा जण जमले होते, तिथे तो कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. तुमचं बोट कागदाच्या वरच्या टोकाला थांबलं. मला वाटलं, आता म्हणाल, बाप्पा, हे त भारी केलं पोरीनं. तुम्ही कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि मोठ्यांदा म्हणालात, "नंबर लावाले तुले मालक कोनं केलं वं? चाल घरी." कोणीतरी खिदळलं, "शिकून राह्यली ना भाऊ, आता हडंब्यालेही शिकवीन!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, पण थांबवलंही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी निघून गेले, आणि आईनं बांधून दिलेला डबा मुद्दाम घरी विसरले.

पुण्यात कारखान्यांची शेडं उभारणाऱ्या कंपनीत लागले तेव्हा तुम्ही मला हडंब्याचा एक जुना पाना दिला होता. "घेऊन जाय, लागते का नाही मालूम नाही." लागला नाही. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला, आणि सोळा वर्षं तो तिथेच होता. मी प्रोजेक्ट मॅनेजर झाले. आईनं फोनवर विचारलं, "म्हंजे काय करतं वं तू?" मी समजावलं, की काम दुसऱ्याचं, माणसं दुसऱ्याची, पैसा दुसऱ्याचा, क्रेन येत नाही, गवंडी गावी पळालेला, पत्रे घाटात अडकलेले, तरी तारखेला शेड उभं राहिलं पाहिजे, ते पाहणारी मी. आई म्हणाली, "असं होय. नंबर लावतं. बापासारखं." दोन दिवस मी तिला फोन केला नाही.

पण त्या खुर्चीत बसून मी जे शिकले ते तुमच्या लिंबाखाली कोणी शिकवलं नसतं. गिऱ्हाईक तोंडानं एक सांगतं आणि त्याला हवं असतं दुसरंच, ते ओळखायला शिकले. नाही म्हणायला शिकले. एखादी गोष्ट मोठी करायच्या आधी लहान करून पाहायची, आणि चुकली तर कोणाच्या माथी न मारता आपणच दुरुस्त करायची, हेही शिकले. एकदा ध्यानात आलं, की आमच्या तीन साइटींवर तीन क्रेन निम्मे दिवस नुसत्या उभ्या असतात. तिन्ही ठेकेदारांना एकत्र बसवलं, एका क्रेनमध्ये तिघांचं काम बसवून दाखवलं. मग साहेबांकडे गेले आणि म्हटलं, आपण हे बाहेरच्यांसाठीही करू, हा वेगळा धंदा आहे, मी उभा करते. साहेबांनी फाइल मिटली. "मॅडम, तुम्ही काम वेळेत पूर्ण करा. धंदा कसा करायचा ते मालक बघतील." अगदी शुद्ध भाषेत बोलले हो, पण मला ऐकू आलं ते वऱ्हाडीतच. तुले मालक कोनं केलं वं!

तेव्हा ठरवलं, हा प्रश्न आता तिसऱ्यांदा ऐकायचा नाही. लगेच राजीनामा फेकला असं समजू नका, एवढी खुळी नाही मी. आधी सुट्ट्या टाकून गावी आले, लोकांच्या ओसऱ्यांवर बसून नुसतं ऐकलं. मळणीत तुमचं काय अडते, असं विचारलं. सगळ्यांचं एकच, "हडंबा येतो म्हन्ते अन् येत नाही. आमी सुडीपाशी वाट पाहत बसतो." क्रेनचंच दुखणं. मग एका हंगामात फक्त दोन हडंब्यांवर करून पाहिलं, जमलं, तेव्हा नोकरी सोडली. आई म्हणाली, "पुण्याची नोकरी सोडून धूळ खाले आली काय?" मी म्हटलं, "हो, पन माही धूळ."

या वर्षी सात हडंबे धरले आणि साठेक शेतकऱ्यांना तारखा देऊन बसले. सातांतले दोन तुमच्या दोस्ताचे, ते रिठदचे काका. हंगाम आला की ते आपले दोन्ही हडंबे घेऊन इकडे येतात. त्यांच्याकडे बाकीचे मालक बघतात. ते उठले असते तर सगळेच उठले असते, आणि एका हडंब्यावर मी साठ सुड्या कुठून काढणार होते? पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. काही शेतकरीही आले. भिंतीवर नकाशा लावला, रस्त्याप्रमाणे नंबर, नाला एकदाच. तोच माझा जुना कागद, फक्त मोठा झालेला. काकांनी चष्मा लावून तो सावकाश पाहिला.

"नकाशा झाक हाय बाई," ते म्हणाले. "पन लोक मले इचारून राह्यले, का हे पोरगी नंबर लावते, त कोनाच्या सोयीनं लावते?"

"रस्त्याच्या सोयीनं, काका."

"व्हय. अन् तुही सुडी कितवी?"

मी नकाशाकडे पाहिलं. "तेविसावी. रस्त्यात येते तिथंच."

"तुहा बा शेवटी ठेवे." काकांनी चष्मा काढला.

मागून एक शेतकरी म्हणाला, "हव ना. भाऊची सुडी पान्यात जाये, पन कोनी कधी म्हटलं नाही का भाऊनं आपला नंबर खाल्ला. आमी ताडपत्री झाकून बिनघोर घरी जाओ."

बाबा, खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला. म्हणजे ते येडेपण नव्हतंच! तेवढ्या एका गोष्टीवर तुमचा सगळा धंदा उभा होता. लिहून दिलेलं काही नाही, सही नाही, शिक्का नाही. हडंबा ज्याचा त्याची सुडी शेवटी, बस्. म्हणून लोक नंबराला मान देत होते, मग नंबर कितीही वेडावाकडा असो. इतकी वर्षं मी शिकले, ते विश्वास मिळवायचं वगैरे, आणि तुम्ही ते ओल्या सोयाबीनच्या वासात करून ठेवलं होतं. तोंड होतं ना तुम्हाला? एक वाक्य बोलला असता, "बाई, आपली शेवटी असते म्हून लोक आपल्यावर इसवास ठेवतेत," तर काय बिघडलं असतं? "जेव तू" म्हणजे उत्तर होतं का हे? समोर पोरगी शिकायला तयार उभी होती, आणि तुम्ही भाकर मोडत बसलात.

मी पेन काढलं, तेविसावर काट मारली आणि खाली साठाच्याही नंतर आपला नंबर लिहिला. काका उठले, धोतर झटकलं. "मंग चाला. माहे दोनी हडंबे लावजो." बाकीचे मालकही त्यांच्यामागे निघाले.

आणि ऐका, रस्त्याचा नंबर बरोबरच होता. नाला एकदाच ओलांडला. जे काम तुमच्या पद्धतीनं दिवाळीच्या पुढे गेलं असतं, ते दिवाळीच्या चार दिवस आधी संपलं. साठच्या साठ सुड्या कोरड्या निघाल्या, कुटार वेगळं, दाणा वेगळा, लोकांनी माल कारंज्याच्या बाजारात नेऊन टाकलासुद्धा. फक्त एक राहिली. तिच्यासाठी हडंबा निघाला त्याच दुपारी आभाळ फाटलं. दुसऱ्या सकाळी मी ताडपत्री उचलून खांद्यापर्यंत हात आत घातला. गरम होती. ड्रायव्हरला म्हटलं, आज नाही, उद्या ये. पुढचे आठ दिवस आई ओसरीत सोयाबीन फिरवत होती, आता पायाऐवजी काठीनं, बाजूला टेबल फॅन लावून. मी जेवायला बसले आणि तोंडातून निघून गेलं, "वाळून राह्यलं का?" आईनं काठी थांबवली. मग हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला तिनं.

तरीही मी माघार घेत नाही. पुढच्या वर्षी बारा हडंबे धरणार आहे, आणि नंबर रस्त्यानंच लागतील. आपली शेवटी राहील, पण तिच्यावर ताडपत्री दुहेरी घालीन, आणि हे का करायचं ते शेडमधल्या प्रत्येकाला तोंडानं सांगीन. तुमच्यासारखी गप्प बसणार नाही. आणि चारचौघांत मला तसं बोलायला नको होतं, हे मी अजून म्हणते. मरेपर्यंत म्हणेन.

हे पत्र मी कुठे टाकणार? हडंब्याच्या हत्यारांच्या पेटीत, त्या पान्याखाली ठेवून देते. तिथे ते माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते, जी मी आईलाही सांगितलेली नाही. तुम्ही खिशात घातलेल्या त्या कागदावर मी सगळे नंबर रस्त्याप्रमाणे लावले होते, एक सोडून. रस्त्यानं आपली सुडी अकरावी येत होती. मी ती पहिली लिहिली होती. तुमचं बोट तिथेच थांबलं होतं बाबा, आणि तो कागद तुम्ही लिंबाखाली दुसऱ्या कोणाला पाहू दिला नाही.