काचेवरचं मीठ

बाबा, तो पिवळा मासा तुझ्या हाताने मेला नव्हता. एवढंच सांगायचं होतं, आणि एवढंच सांगायला मला बारा वर्षं लागली. आता ऐकायला तू नाहीस. तरी लिहिते, कारण तोंडाने बोलायची हिंमत तू होतास तेव्हाही नव्हती.

नौपाड्यातला तो दातांचा दवाखाना आठवतोय ना? पेशंट बसतात तिथे भिंतीला लागून समुद्राच्या पाण्याची टाकी, आणि तिची देखभाल माझ्याकडे. माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. मिठागर बंद झाल्यापासून तू ठाकुर्लीच्या घरात नुसता खिडकीशी बसून असायचास, म्हणून पाण्याचे कॅन उचलायला मी तुला सोबत न्यायचे. त्या दिवशी मी अजून पिशवीही उघडली नव्हती आणि तू काचेला नाक लावून म्हणालास, "याचे आंगावर मीठ बसलंय गो." खरंच, त्या पिवळ्या अंगावर मिठाच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके होते. मासा दगडाला अंग घासत होता, कल्ले भराभर हलत होते. रोग तू ओळखलास, मला फक्त त्याचं नाव माहीत होतं.

त्याला वेगळ्या टाकीत काढला. उपाय साधाच. पाण्यातलं मीठ हळूहळू निम्म्याच्याही खाली आणायचं. मासा तेवढं सोसतो, अंगावरचा किडा सोसत नाही. मी मीठ मोजायच्या मीटरच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचे, डोळ्याला लावून आकडा बघायचे. तिसऱ्या दिवशी आकडा हवा तिथे आला. तू मात्र बोट बुडवलंस, जिभेला लावलंस, बेसिनमध्ये थुंकलास आणि म्हणालास, "पानी आजून खारट हाय. मीठ उतरला नाय." जन्म मिठागरात काढलेला माणूस तू, मीठ कधी धरेल ते पाण्याची चव घेऊन सांगायचास. आणि मी, तुझी शिकलेली पोर, डॉक्टरीणबाईंसमोर काय बोलले? "बाबा, हे काय मिठागर आहे का? उगाच लुडबुड नको." लाज वाटली होती मला, तुझ्या थुंकण्याची, तुझ्या बोलण्याची. तू कॅन उचललेस आणि बाहेर जाऊन बसलास.

आठवड्याने मासा गेला. "अहो, तुम्ही तर म्हणालात वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता हे काम हातचं जातंय असं वाटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांनी तंबाखूचा हात पाण्यात घातला ना, त्याने झालं." तू दारातच उभा होतास, दोन्ही हातांत कॅन. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "हो बाय, माजीच चूक झाली." मला वाटलं, तू मला सांभाळून घेतोयस. कसलं काय! तुला ते खरंच वाटलेलं. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतलेस. त्यानंतर माठात कधी तांब्या बुडवला नाहीस, आईलाच पाणी ओतायला सांगायचास. जन्माची तंबाखू सुटली. नातेवाईक माझी पाठ थोपटायचे, पोरीने बापाचं व्यसन सोडवलं म्हणून. मी हसून घ्यायचे.

आणि आता खरी गोष्ट ऐक. पंधरा दिवसही झाले नसतील, मी स्वयंपाकघरात ओट्याशी मीटर पुसत होते आणि नखाला काचेवर काहीतरी खरखरीत लागलं. सुकलेलं मीठ. त्या मिठावरच साधं पाणी टाकून मी मीटर शून्यावर लावलेला, मग तो प्रत्येक वेळी मीठ कमीच दाखवणार ना! टाकीतलं मीठ पुरतं उतरलंच नव्हतं, किडा मेलाच नव्हता. तुझी जीभ बरोबर होती. मिठागरवाल्याची पोर मी, आणि मला काचेवरचं मीठ दिसलं नाही. तू पलीकडेच भाकरी खात बसलेलास, चार पावलांवर. मी मीटर फडक्यात गुंडाळला आणि विचारलं, "कालवण वाढू?" त्यानंतर वर्षभर होतास तू, बाबा. अख्खं वर्ष.

इथपर्यंत लिहिलं आणि गुरुवारी हे कागद पिशवीत टाकून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना वाचायला द्यायचं, असं पक्कं ठरवलेलं. तो दवाखाना अजून माझ्याकडेच आहे. परत एका माशाच्या अंगावर ठिपके आलेत, पण या वेळी बरा होतोय, काल खायलाही लागला. मीटर आता मी दर वेळी धुऊन लावते. तरी कुणाचं लक्ष नाही असं बघून बोट जिभेला लावतेच, आणि तुझ्यासारखी थुंकते.

डॉक्टरीणबाई त्यांच्या नव्या रिसेप्शनिस्टला माशांना खाणं कसं टाकायचं ते दाखवत होत्या. "आधी हात धू हं," त्या म्हणाल्या. "यांचे वडील बिचारे इतके साधे! तंबाखूचा हात घातला पाण्यात आणि मासाच गेला." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. पिशवी माझ्या खांद्यावरच होती. मी तोंडही उघडलं होतं, बाबा, तुझी शप्पथ.

"हो," मी म्हटलं, "धू. आणि साबण नीट निघू दे."