फुली नसलेला ओंडका

आप्पा, आज मी निलगिरीची वीस रोपं सुतळीनं वाकवून बांधली. चाकणच्या प्रयोगशाळेत माझं कामच ते आहे. तुम्ही म्हणाला असता, "झाडाला छळायची नोकरी आसती व्हय?" असते. झाड कललं की त्याच्या वरच्या अंगाला वेगळं लाकूड तयार व्हायला लागतं. तेव्हा कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती गप्प बसतात, ते मी बघते. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन कमी होतं, सेल्युलोजचे धागे वाढतात आणि खोड सरळ करायला ताणून बसतात. वरचं अंग जाड होतं, म्हणून गाभा मधोमध न राहता खाली सरकतो. झाड तोडलं तरी तो ताण लाकडात तसाच राहतो.

तुम्हाला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं आणि सगळं ठाऊक होतं. भोसरीच्या आपल्या लाकूड चिरायच्या शेडमध्ये तुम्ही असल्या ओंडक्याला खुनशी म्हणायचा. कॉलेजच्या सुट्टीत माझं काम एकच, ओंडक्याचं तोंड बघायचं आणि गाभा सरकलेला दिसला की खडूनं फुली मारायची. फुलीचा ओंडका तुम्ही शेवटी घ्यायचा, सावकाश, चिरेत पाचर ठोकत. बाकीचे भराभर चिरून मशिनं भरायची खोकी व्हायची. एकदा कामगारांसमोर मी बोलून गेले, की ओंडका खुनशी नसतो, झाडाच्या पेशींतच तसा हुकूम असतो. तुम्ही हातातली रीप माझ्या पाठीवर मोडली. मोडली म्हणजे खरोखर दोन तुकडे झाले. "माज्या शेडात मला शिकवती?" म्हणत उरलेल्या तुकड्यानं पुन्हा मारलंत. कुणी मशीनसुद्धा बंद केलं नाही. आईनं घरी हळद लावली आणि म्हणाली, "बापच हाय तुजा."

दुसऱ्या सकाळी काही घडलंच नाही अशा थाटात तुम्ही मला चहा दिलात. मी ओंडके बघत गेले. दहाच्या सुमारास करवतीचा आवाज बदलला. अर्धा चिरलेला ओंडका पात्यावर मिटला, पातं अडकलं आणि फळी उलटी सुटून तुमच्या पोटात शिरली. शिरली हाच शब्द आहे. भुसा लाल होत होता, तुम्ही टाचा घासत होता. मी धावत आले तेव्हा माझं मनगट इतकं घट्ट धरलंत की बांगडी फुटून रुतली. तुम्ही शेवटचं बोललात ते कामगारांशी. "पोरीला कुनी बोलू नगा. फुली पुसली गेली आसंल." दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही गेलात.

काळेवाडीत घरी येणाऱ्याजाणाऱ्याला आई अजून फुली पुसली गेली असंच सांगते आणि मी मान हलवते. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, आप्पा. पाठीवर वार करणारा माणूस मरताना मला पाठीशी घालून गेला, याचा तर जास्तच राग येतो. आज हे लिहून आईला वाचून दाखवायचं होतं. ती समोर शेंगा सोलत बसली आहे. "कुनाला लिव्हतीस एवढं?" तिनं विचारलं. ऑफिसचं आहे, म्हणाले मी. फुली पुसली गेली नव्हती. सरकलेला गाभा मला दिसला होता आणि खडू मी मुठीतच ठेवला.