आई सध्या लिस्बनला आहे

॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. २ जुलै १९७३

ती. बाबांस,
अरुंधतीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी आजीला न दाखवता लिहीत आहे. शेजारच्या इंदूबाईंनी पोस्टातून निळं हवाई पत्र आणून दिलं. पत्ता मी तुमच्या पत्रावरून उतरवला. व्हिएन्नाचं स्पेलिंग मला पाठ आहे.

मी तिसरीत गेले. मला आता युरोपच्या बावीस राजधान्या येतात. वहीत एका पानावर एक राजधानी आणि तिथली एक खूण, असं आहे. लंडनला घड्याळाचा मनोरा. रोमला मोडकं गोल मैदान, तिथे आता मांजरं राहतात. पॅरिसचा लोखंडी मनोरा उन्हाळ्यात तापून थोडा उंच होतो. तो नागपुरात असता तर मे महिन्यात केवढा झाला असता! ब्रसेल्सच्या चित्रावर आजीने हात ठेवला, पण मी आधीच पाहिलं होतं. एक नागडा मुलगा कारंज्यात शू करतो.

आई सध्या लिस्बनला आहे. तिथे नदीच्या पाण्यात पांढरा बुरूज आहे. वास्को-द-गामा तिथूनच आपल्याकडे यायला निघाला होता. आई त्याच वाटेने आली तर फार दिवस लागतील. तुम्ही तिला विमानाने बोलवा.

मे महिन्यात तुम्ही कामाला बुडापेस्टला गेलात आणि नेमकी तेव्हाच आई व्हिएन्नाला येऊन गेली. आजी म्हणाली, चुकामूक झाली. बाबा, घराची किल्ली शेजारी ठेवत जा ना. आम्ही इंदूबाईंकडे ठेवतो.

दिवाळीत तुम्ही मला न्यायला येणार. तोवर आईला एका जागी थांबायला सांगा. मी तिला लगेच ओळखेन. ती मला ओळखेल का? माझे पुढचे दात पडून नवीन आले आहेत.

तुमची लाडकी,
अरुंधती

•

॥ श्री ॥

व्हिएन्ना
ता. १३ जुलै १९७३

ती. आईंस,
रविंद्रचा कृ. सा. न. वि. वि.

अरुंधतीने लिहिलेलं पत्र काल मिळालं. कारखान्याच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि मग दिवसभर काय केलं ते मला आठवत नाही. पत्र सोबत परत पाठवत आहे. तुम्हीही वाचा.

सुमती गेली तेव्हा तुम्ही कळवलं होतं, की पोरीला समजावलं आहे, ती आता विचारत नाही. मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे विश्वास ठेवणं सोपं होतं, म्हणून ठेवला. अरुंधतीच्या पत्रांत आईचा उल्लेख नसे. मला वाटे, तिला दुखत असेल. म्हणून मीही कधी लिहिलं नाही. आता कळतं, की ती तुमच्यासमोर बसून पत्र लिहीत होती.

आई, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. सुमतीची आई म्हणून तुमच्यापुढे मी कधी मान वर केली नाही. पण एक विचारतो. त्या लेकराच्या मनात तिची आई तीन वर्षं गावोगाव हिंडते आहे. मनोरे बघते, पूल बघते आणि मुलीला एक ओळ लिहीत नाही. आपली सुमती अशी होती का?

दिवाळीला मी येतो. त्याआधी तिला खरं सांगा. या दारातून ती आईला शोधत आत शिरली, तर मी तिला काय दाखवू?

प्रकृतीला जपावे. आपल्या आशीर्वादाची गरज मला आज जास्त आहे.

आपला,
रविंद्र

•

॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. २६ जुलै १९७३

चि. रविंद्रराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र आणि आतलं पत्र, दोन्ही वाचली. तुम्ही जे बोललात ते कमीच बोललात. इंदूबाईंनी तर मला अंगणातच गाठलं आणि म्हणाल्या, की पोरीले काहून फसवून राहिल्या बाई तुम्ही, ते हवाई पत्र मीच आणून दिलं, आता करा माह्यावर राग. मी राग कशाला करू?

कसं झालं ते सांगते. तुम्हाला हे कधी लिहिलंच नाही. सुमतीचा पासपोर्ट आला होता. ट्रंक भरून पलंगाखाली तयार होती. रोज अरुंधती त्या ट्रंकेवर बसून विचारायची, की आई बाबांकडे कधी जाणार. मग ती कावीळ आली आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं. तेरा दिवस पोर इंदूबाईंकडे होती. चौदाव्या दिवशी ती घरी आली, पलंगाखाली वाकून पाहिलं. ट्रंक मी माळ्यावर टाकली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, की आई गेली ना बाबांकडे. रविंद्रराव, मी शब्दाने खोटं बोलले नाही. मी नुसती मान हलवली. त्या क्षणी मान हलवण्याइतकीच शक्ती माझ्यात होती.

मग पत्र का येत नाही, ते सांगावं लागलं. म्हटलं, ती प्रवासात असते. कुठे असते, तेही सांगावं लागलं. मला युरोप कुठून माहीत असणार? आमच्या कॉन्व्हेंटात एक म्हाताऱ्या आयरिश मदर भूगोल शिकवत. कापडी नकाशावर छडी फिरवून आमच्याकडून राजधान्या म्हणून घेत. डब्लिनवर छडी जरा थांबायची. का थांबते, ते तेव्हा आम्हाला कळत नसे. त्या नकाशातली गावं मी एक एक करून सुमतीला राहायला दिली.

माझा नकाशाही जुना. मी पोरीला रीगा शिकवलं, लॅटव्हियाची राजधानी म्हणून. शाळेतल्या बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. तो देशच आता रशियात गेला म्हणे. अरुंधती घरी येऊन खूप चिडली. तिच्या लेखी आई मागच्या थंडीत तिथेच होती.

तुम्हाला राग येईल, पण हेही लिहिते. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती वही घेऊन माझ्या मांडीला टेकायची. सुमती आज पुलावरून चालली, आज तिने देवळाच्या पायऱ्या चढल्या, असं सांगताना मलाही तेवढा वेळ ती चालताना दिसायची.

तुम्ही म्हणता, सांगा. सांगितलं तर ती यायला तयार होणार नाही, कारण ती तुमच्याकडे नाही, आईकडे निघाली आहे. आणि ती गेली नाही, तर माझ्यापाशी राहील. मला ती राहायला हवी आहे. म्हणून माझाच माझ्यावर भरवसा नाही. मी खरं सांगेन ते खऱ्यासाठी सांगेन की तिला अडवण्यासाठी, हे मला कोण सांगणार?

थंडीवाऱ्यात सांभाळून राहा. या म्हातारीला मनातून काढून टाकू नका.

तुमची,
शामला

•

॥ श्री ॥

व्हिएन्ना
ता. ८ ऑगस्ट १९७३

ती. आईंस, कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रागाने लिहिलं होतं, त्याची क्षमा असावी. मान मीही हलवली असती. तरी सांगा. कशासाठी सांगितलं, ते मी कधी विचारणार नाही. तुम्ही तिच्या सर्वांत जवळच्या. माझ्या तोंडून ऐकेल, तर ते परक्याकडून ऐकल्यासारखं होईल.

आपला,
रविंद्र

•

॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. २२ सप्टेंबर १९७३

चि. रविंद्रराव यांस अनेक आशीर्वाद.

सांगितलं.

परवा अविधवा नवमी होती. सुमती सवाष्ण गेली, म्हणून दर वर्षी पितृपक्षात या दिवशी तिच्या नावाने मी सवाष्ण जेवू घालते. गेली दोन वर्षं अरुंधती शाळेत असताना उरकून घेत होते. यंदा तिला मुद्दाम घरी ठेवलं. सवाष्ण म्हणून इंदूबाई. अरुंधतीने पाट मांडला, रांगोळी घातली. मी इंदूबाईंचे पाय धुतले, ओटी भरली. त्या रोज मला दोन शब्द ऐकवणाऱ्या बाई, पण त्या दिवशी मान खाली घालून जेवत होत्या. अरुंधतीने विचारलं, की आज कुणाचा सण आहे.

मी तिला जवळ बसवून सांगितलं, की तुझ्या आईचा. आणि सांगितलं, की ती कुठेच गेली नाही. आजारी पडली, दवाखान्यात नेली आणि तिथून अंबाझरीच्या घाटावर. त्याच्यापुढे ती गेली नाही.

ती रडली नाही. उठून वही घेऊन आली. पहिलं पान उघडलं आणि विचारलं, की लंडनला नव्हती? मी म्हटलं, नाही. पान उलटलं. पॅरिसला? नाही. रोमला? नाही. माद्रिद, अथेन्स, ओस्लो. एकही पान तिने सोडलं नाही आणि मलाही सोडू दिलं नाही. बावीस वेळा मी नाही म्हटलं. लिस्बनला आल्यावर तिने पान उलटलं नाही. मला वाटलं, आता रडेल. तिने फक्त विचारलं, की मग तो बुरूज तरी आहे का.

मी म्हटलं, बुरूज आहे.

इंदूबाई पानावरून उठल्या आणि तिला उचलून आपल्या घरी घेऊन गेल्या. दोन दिवस ती तिथेच निजते. माझ्याशी बोलत नाही. इंदूबाईंजवळ म्हणाली, की मी व्हिएन्नाला जाणार नाही, तिथे कोण आहे.

जसं झालं तसं लिहिलं. आणखी लिहवत नाही.

तुमची,
शामला

•

॥ श्री ॥

व्हिएन्ना
ता. २ ऑक्टोबर १९७३

ती. आईंस, सा. न.

ती विचारते, तिथे कोण आहे. आई, तिथे मी आहे.

तिच्यासाठी खोलीला पिवळा रंग दिला आहे. शाळेत नाव घातलं आहे. पलंग आणला, तो मोठा झाला म्हणून बदलून लहान आणला. चार वर्षं मी इथे एकट्याने भात शिजवतो, तो कशासाठी? तुम्ही तिला बावीस गावं शिकवलीत. त्यांतल्या एका गावात बाप राहतो, एवढंच शिकवायचं राहिलं.

विचारणार नाही असं लिहिलं होतं, पण आज विचारतो. आता ती तुमच्यापाशी राहील. हेच हवं होतं ना?

तिकीट काढलं आहे. ता. २३ ला पोचतो. रिकाम्या हाताने परत जायचं असेल, तर तसं कळवा.

रविंद्र

•

॥ श्री ॥

धंतोली, नागपूर
ता. ११ ऑक्टोबर १९७३

चि. रविंद्रराव यांस अनेक आशीर्वाद.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. कुणीतरी विचारायला हवं होतं. ती जाणार नाही म्हणाल्याचं इंदूबाईंनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला आला तो आनंद. त्या दिवशी मी तिच्या आवडीची संत्र्याची बर्फी मागवली. मग ती बर्फी समोर ठेवून बसले आणि माझी मलाच लाज वाटली.

रिकाम्या हाताने जावं लागणार नाही. ती येईल. ती माझ्यावर रागावली आहे आणि तो राग मी घालवणार नाही, असं ठरवलं आहे.

परवा ती इंदूबाईंकडून आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. मी तांदूळ निवडत होते. मी मान वर केली असती, तर ती मांडीवर आली असती, तिच्या पायांवरून मला कळत होतं. मी मान वर केली नाही. सुपात एकही खडा उरला नव्हता, तरी निवडत बसले. ती थोडा वेळ थांबली आणि गेली. काल इंदूबाईंना म्हणाली, की आजीला मी नकोच आहे, जाते मी बाबांकडे. इंदूबाईंनी मला येऊन चार गोष्टी सुनावल्या, की दगडाचं काळीज आहे बाई तुमचं. त्यांना मी काही सांगितलं नाही.

माझ्याशी गट्टी झाली, तर माझा हात सोडणं तिला फार जड जाईल. रुसून निघाली, तर पाऊल पटकन उचलेल. तिला हे सांगू नका. मोठी झाल्यावरही नको.

फराळाचं करून ठेवते. लोकरीचा कोट इथे मिळाला नाही, तो तिकडेच घ्या. ती कुशीवर निजते आणि पांघरूण फेकते, ते बघत जा. पिवळा रंग तिला आवडतो. तुम्हाला कसं कळलं?

सांभाळून या. घर उघडंच आहे.

तुमची,
शामला

•

॥ श्री ॥

व्हिएन्ना
ता. ९ डिसेंबर १९७३

ती. आजीस,
अरुंधतीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी सांगितलं म्हणून लिहीत आहे.

मी खुशाल आहे. शाळेत माझ्याशी एक मुलगी बोलते, पण काय बोलते ते कळत नाही. मी मान हलवते.

तू सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी चुकल्या आहेत. डॅन्यूब नदी निळी नाही. अंबाझरी तलावाचं पाणी पावसाळ्यात होतं तशी आहे. मोठ्या चर्चच्या छपरावर रंगीत कौलं आहेत, ते तू सांगितलंच नव्हतंस. बागेत फार उंच चक्र आहे, त्याला पाळणे नाहीत, खोल्या आहेत, खिडक्यांच्या. बाबा मला त्यात घेऊन गेले. वरून सगळं गाव दिसतं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. ते मला धरून होते असं ते म्हणतात, पण मीच त्यांना धरलं होतं.

बाबांना भात चांगला येतो. वरण येत नाही. तू कसं करतेस ते लिहून पाठव. त्यांना पाठव, मला नको.

इंदूबाईंना नमस्कार सांग. तुलाही.

अरुंधती

ता. क. आई नाही हे मला माहीत आहे. तरी ट्राममध्ये चढले की मी आधी सगळ्या बायकांची तोंडं बघून घेते. मग बसते.