फक्कीची रेघ

ताडकळस, ५ जानेवारी २०२५

ती. मालनआक्कास,
धाकट्या व्यंकटचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी बोलत नाही, म्हणून हे पत्र. बाबांच्या जागेवर नवं घर बांधायचं ठरलंय. आमच्या पोरानं, आदिनाथनं, पुण्याहून नकाशा पाठवलाय. त्यात तुझी खोली आहे, दहा बाय दहा, पूर्वेला खिडकी. अंगणवाडीतून रिटायर झालीस, भावजी गेले, मूलबाळ नाही. जिंतुरात भाड्याच्या खोलीत एकटी किती दिवस राहणार? तुझी भावजय राजेश्रीही हेच म्हणायलीय.

जागा अजून बाबांच्या नावावर, म्हणून तुझं हक्कसोडपत्र लागतंय. घाई अजिबात नाही. वीस तारखेला पूर्ण्याच्या रजिस्ट्री ऑफिसात ये. आधार कार्ड आणि दोन फोटो विसरू नकोस.

तुझ्या मायेतला,
व्यंकट

जिंतूर, २३ जानेवारी

चि. व्यंकटास अनेक आशीर्वाद.

सही केली, अंगठा दिला, फोटोसाठी हसलेसुद्धा. साहेबांनी विचारलं की मावशी, राजीखुशीनं सोडताय ना; मी म्हणाले, लय राजीखुशीनं. मग तू मला भजी खाऊ घातलीस. बाबांची अर्धी जागा एका प्लेटीत गेली, पण भजी गरम होती हे कबूल करते.

जागा मला नकोच होती. म्हातारपणी दार लावून निजायला एक खोली हवी होती, ती तू दिलीस. घरमालकाला सांगून टाकलंय की दिवाळीला खोली सोडते. खिडकी तेवढी पूर्वेलाच ठेव.

राजेश्रीस आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
मालनआक्का

ताडकळस, ९ फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

आदिनाथनं नकाशात किरकोळ बदल केलाय. गाडीला जागा हवी. गाडी अजून घेतलेली नाही, पण घेतली तर उभी कुठं करायची, हा त्याचा प्रश्न बिनतोड आहे. त्यामुळं तुझी खोली जरा आटली, पाच बाय दहा. पुन्हा त्यातल्या निम्म्यात सामानाचं कपाट येणार, म्हणजे निजायला पाच बाय पाच. तुझी उंची तरी कुठं फार आहे? कागदावर तिला ‘स्टोअर कम गेस्ट’ म्हटलंय, ते मनावर घेऊ नकोस. खिडकीऐवजी झरोका आहे.

सतराला भूमिपूजन. तू आल्याशिवाय नारळ फुटणार नाही.

तुझाच,
व्यंकट

जिंतूर, २० फेब्रुवारी

चि. व्यंकटास आशीर्वाद.

पूजा छान झाली. लिंबाजी मिस्त्रीनं दोऱ्या लावून पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर घर आखलं, तेव्हा सगळे कसे त्यात हिंडत होते. राजेश्री स्वयंपाकघरात बसली, आदिनाथनं नसलेली गाडी मागं-पुढं करून दाखवली.

तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी माझ्या खोलीत आडवी झाले. डोकं भिंतीला टेकवलं तर पाय घोट्यापर्यंत गाडीखाली. सही करेपर्यंत मी घरची होते व्यंकट, सही वाळली आणि मी सामानात गेले. याचं मला वाईट वाटलं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत आले. निघताना लिंबाजीचं फक्कीचं घमेलं तिथंच पडलेलं दिसलं. बाकी लिहिण्यासारखं काही घडलं नाही. घरमालकानं दुसरा भाडेकरू ठरवून टाकलाय.

मालनआक्का

ताडकळस, ६ मार्च

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पाया खोदून झाला, कॉलम उभे राहिले. रविवारी आदिनाथनं टेप लावला, तर गाडीची जागा पाच फूट कमी आणि तुझी खोली दहा बाय दहा. त्यानं लिंबाजीला लय झापलं. लिंबाजीनं माझ्याकडं बघत टेप गुंडाळला.

आता खरं सांगतो. तू गेलीस त्या सकाळी लिंबाजीनं मला हाक मारून दाखवलं की रेघ सरकलीय. जुनी रेघ हातानं पुसलेली होती आणि नव्या रेघेशेजारी फक्कीत पावलं उमटली होती, डावं जरा ओढत टाकलेलं. ते पाऊल मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्याच मागं मागं शाळेत गेलोय. मी लिंबाजीला म्हणालो, चष्मा घरी राहिलाय, रेघ दिसती तिथं खोद.

रेघ हलवायची हिंमत माझ्यात नव्हती, आक्का. ती हललेली दिसली नाही, एवढं म्हणायची होती. राजेश्री चार दिवस माझ्याशी बोलत नाही, घरात निवांत आहे. आदिनाथला म्हणालो की आत्याची उंची आता कमी होणार नाही, गाडी लहान मिळते.

पूर्वेची खिडकी किती उंचीवर ठेवू, लिंबाजी विचारायलाय. मला त्यातलं कळत नाही. पडल्या पडल्या बाहेरचं दिसेल अशी हवी असेल, तर तुलाच येऊन पुन्हा एकदा आडवं व्हावं लागेल.

तुझा,
व्यंकट