वीस मिली

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुम्ही शिकवलेलं गणित मी अजून रोज करते. हवी ती तीव्रता गुणिले हवं तेवढं आकारमान, भागिले स्टॉकची, म्हणजे मूळ दाट द्रावणाची, तीव्रता. कॉलेजात एकदा मी भागायच्या जागी गुणलं, तेव्हा तुम्ही माझी वही सगळ्या वर्गाला दाखवलीत. "राधानगरीकडची न्हवं तू? घरात म्हशी हायत. दुधात पाणी घालताना हिशेब चुकत न्हाय, मग हितंच कसा चुकतो?" वर्ग हसला. माझ्या आईनं दुधात कधी थेंबभर पाणी घातलं नव्हतं. मी खाली बघत उभी आहे आणि तुम्ही पुढच्या मुलीची वही मागताय.

पुढं मी इथल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेची प्रमुख झाले. तुम्ही निवृत्त झाल्यावर नव्या मुलींना शिकवायला मीच तुम्हाला बोलावलं. उपकार म्हणून नव्हे, तुमच्या तोंडून 'मॅडम' ऐकायचं होतं. त्या सकाळी दुधाची आम्लता तपासायला लागणारं द्रावण करायचं होतं, एक लिटर, ०.१ नॉर्मल तीव्रतेचं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, स्टॉकमधून वीस मिली, बाकी पाणी. मी दारातूनच म्हणाले, "दहा मिली, सर. आता होत नसेल तर घरी बसा." मुलींनी एकमेकींकडे बघितलं. तुम्ही चष्मा पुसलात. "चुकलं असंल, मॅडम," म्हणालात, बोटानं वीसचा आकडा पुसलात आणि पिशवी घेऊन गेलात. परत आला नाहीत.

दुपारी मी स्टॉकची बाटली उचलली. एरवी आमचा स्टॉक दहा नॉर्मलचा असतो, तोच धरून मी दहा मिली म्हटलं होतं. यावर मात्र पाच नॉर्मल. त्या आठवड्यात तो मीच तसा केला होता, चिठ्ठीवर अक्षरही माझंच. तुम्ही चिठ्ठी वाचली होती, मी नाही. मी वीस मिली मोजून घेतले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वीस कसं?" म्हटलं, "सांगते तेवढं कर."

तुम्ही वारलात तेव्हा मी तुमच्या घरी आले, तर तुमच्या पत्नीनं, काकूंनी, तुमची वही काढली. पानंच्या पानं तेच गणित, दर वेळी उत्तर वीस. "चुकलं कुठं ते सापडंना म्हणायचे, शेवटपर्यंत. तू बघ की गं." मी पान निरखल्यासारखं केलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं, काकू." त्यांनी मान डोलावली आणि वही मिटली.

काकू अजून त्याच घरात राहतात, डेअरीपासून चालत दहा मिनिटांवर. हे त्यांना सांगायला हवं होतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही वाचणार नाही.