विषय : मैदान मोकळे करून मिळणेबाबत

६ नोव्हेंबर २००५, रविवार. घाटंजी. सकाळी ७
रिटायर होऊन चार महिने झाले. आजपासून समाजासाठी जगायचं. कापसाचं गणित बिघडलं तेव्हापासून गावाबाहेरची जिनिंग फॅक्टरी बंद आहे. तिथले मजूर आवारातच ताडपत्र्यांखाली राहतात, अकरा कुटुंबं. त्यांच्यासाठी 'बेघर जागृती मेळावा' घेणार. तारीख २७. अध्यक्ष मी. सेक्रेटरीही तूर्त मीच.
शोभा म्हणाली, जागं कोणाला करताय, ते तर पहाटे चारलाच उठतात. बायकोला व्हिजन नाही.

८ नोव्हेंबर
बेघरांशी पहिली भेट. कांताबाई नावाच्या बाईने वीट फेकून मारली. कानाजवळून गेली. "जागा खाली करायले आले का?" म्हणून ओरडली. मेळाव्यासाठी आलो म्हटल्यावर दुसरी वीट खाली ठेवली. लोकांत एनर्जी आहे, फक्त दिशा द्यायला हवी.
तिचा नवरा उकंडा हमाल. शांत माणूस. बसायला पोतं दिलं. म्हणाला, "आमी काई बंगला मागून नाई राह्यलो, साहेब. हाय ते राहू द्या म्हंजे झालं." छान वाक्य. भाषणात घेणार.

११ नोव्हेंबर
कमिटीची मीटिंग. बॅनरवर फोटो कोणाचा, यावरून दोन सभासदांत जुंपली. एकाने खुर्ची डोक्यात घातली. दुसऱ्याची भुवई फाटली, त्याने पहिल्याचा दात पाडला. ठराव पास : फोटो माझा. सर्वानुमते. विरोधक दोघेही दवाखान्यात होते.

१४ नोव्हेंबर
बेघरांचं दुःख स्वतः भोगल्याशिवाय बोलायचं नाही, असा निश्चय. एक अख्खा दिवस उघड्यावर काढायचा. दुपारी गच्चीवर सतरंजी टाकली. वीस मिनिटांत माकडांनी हल्ला केला. दंडावर तीन ओरखडे, इंजेक्शन. अनुभव पुरेसा आहे.

१६ नोव्हेंबर
जिनिंगचे मालक पुंडलिकराव स्वतः घरी आले! म्हणाले, चारुभाऊ, मेळावा आमच्याच आवारात घ्या. मंडप माझा, जेवण माझं. फक्त मैदान मोकळं हवं, असा तुमच्या सहीचा अर्ज द्या.
ते गेल्यावर शोभा म्हणाली, अहो, हा माणूस दोन वर्षं त्या लोकांना काढायला बघतोय. त्याला तुमचा अर्ज कशाला हवा?
मी म्हटलं, मोकळं म्हणजे काटेकुटे, कचरा. संशय हा समाजसेवेचा शत्रू आहे.
ड्राफ्टिंगमध्ये तीस वर्षं गेली आहेत माझी. 'मेळाव्याकरिता मैदान संपूर्ण मोकळे करून मिळावे.' 'संपूर्ण' मी पदरचा घातला. वजन येतं.

२४ नोव्हेंबर, सकाळी १०
तयारी बघायला आवारात आलो. पुंडलिकरावांचा माणूस हरिसिंग जीपमधून दहा-बारा माणसं घेऊन आला आहे. मंडपाचे बांबू आणलेले दिसतात.

तोच दिवस, दुपारी २
बांबू नव्हते. लाठ्या होत्या.
पहिली ताडपत्री ओढली तेव्हा आत चूल पेटलेली होती. उकळती डाळ एका माणसाच्या पायावर सांडली. त्याने कांताबाईला केस धरून बाहेर फरफटत आणलं. तिने त्याचं मनगट दातांत धरलं, सोडेचना. हरिसिंगने माझ्या अर्जाची झेरॉक्स उंच धरली आणि ओरडला, "ये देखो, साब का लेटर है!"
उकंडा हात जोडून मध्ये आला. लाठी आधी जोडलेल्या हातांवर बसली, मग डोक्यावर. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला.
मी 'थांबा' म्हणालो. बहुधा मनात म्हणालो. मी जीपच्या मागे होतो. सगळीकडे लक्ष ठेवायला तीच जागा योग्य होती.

संध्याकाळी ५
उकंडा बेशुद्ध आहे. गैरसमज झालेला आहे. मेळावा रद्द करा, असं शोभा म्हणते. उलट आता तर मेळाव्याची खरी गरज! काल त्या लोकांकडे निदान ताडपत्र्या होत्या. आता ते शंभर टक्के बेघर आहेत. विषयाला धार आली.

२८ नोव्हेंबर (डाव्या हाताने लिहीत आहे)
काल मेळावा झाला. मैदान स्वच्छ. पुंडलिकराव आलेच नाहीत. "बंधुभगिनींनो, घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत," इथवर बोललो. पहिला दगड माइकला लागला, दुसरा माझ्या हनुवटीला. जिनिंगमधून काढलेली माणसं, बाया, सगळी कुंपणावरून आत आली. हरिसिंगची माणसं त्यांच्यावर धावली. खुर्च्या, बांबू, भातवाढ्या, हाताला लागेल ते. एकाचं नाक माझ्यासमोर चपटं झालं.
कांताबाई लोखंडी पट्टी घेऊन स्टेजवर चढली. मारलं नाही लगेच. विचारलं, "कागद वाचून सही केली का न वाचता?"
मी म्हटलं, लिहिला मीच.
मग मारलं. खांद्याचं हाड मोडलं.
अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायला हवं होतं, याचा विचार चालू आहे.

१ डिसेंबर
पोलीस जमादार खाटेजवळ आले. त्या बाईवर केस करायची का? मी उदार मनाने सांगितलं, नको, मी तिला माफ केलं.
शोभा हसली. मग रडली. म्हणाली, "तुम्ही? तिला?"
उकंडा शुद्धीवर आला आहे. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, मिटणारही नाहीत. शोभा म्हणाली, हमालाला पोतं उचलायला मूठ लागते. निषेधाचं पत्रक काढायचं मनात होतं. नाही काढलं.
जिनिंगच्या आवाराला तारेचं कुंपण झालं. आत प्लॉट पाडणं सुरू आहे.

५ डिसेंबर
शोभाने मला न विचारता उकंडा आणि कांताबाईला आमच्या परसातल्या खोलीत आणलं. कांताबाई तयार नव्हती. म्हणत होती, त्याच्या घरी कायले? पण उकंडाला उभं राहवेना. बाकीची दहा कुटुंबं कुठे गेली, मला माहीत नाही. मी कोणाला विचारलंही नाही.
दुपारी खोलीच्या दाराशी गेलो. म्हटलं, काही लागलं तर सांगा.
वर न बघता ती म्हणाली, "दाराले आतून कडी नाई."
मी म्हटलं, आमच्या गल्लीत चोर येत नाहीत.
"चोराचं कोन म्हनते?" ती म्हणाली.
बाजारातून कडी आणली. डाव्या हाताने बसवली. एक स्क्रू वाकडा गेला. मी बाहेर आलो. तिने दार लोटलं आणि लावून बघितली.
लागते.