‘इतर कामे’ या रकान्यावरील माझा आक्षेप

गुरुवार, सायंकाळ. डिंडोली

सूनबाई सुनंदा स्वतः परिचारिका. परिचारिकांवरील कामाच्या भारावर संशोधन करते. कोणत्या कामाला किती वेळ जातो, याचा तिचा नोंदतक्ता उद्या मार्गदर्शकांकडे जायचा. त्यातील ‘इतर कामे’ हा रकाना मला आज दिवसभर खुपला. ज्याची व्याख्या नाही, त्याचे मापन कसे? काढून टाक, म्हणालो. ती हिरमुसली.

तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिसरा.

“सुनंदाबेन, आ माजी शुं कहे छे?” या आजी काय म्हणताहेत, असे स्पीकरवर गुजराती सहकारीण विचारत होती.

पाठोपाठ एका वृद्धेचा आवाज: “माय, मना पोटमा दुखस वं!”

सुनंदाने आजींची अहिराणीत सगळी विचारपूस केली आणि त्यांचे दुखणे गुजरातीत सहकारिणीला सांगितले.

“हे कोणत्या रकान्यात बसते?” मी विचारले.

“तुम्ही काढायला सांगितलेल्या, नाना.”

हसू आवरेना. माझा आक्षेप चुकीचा होता का? नाही, निष्कर्ष चुकला. रकाना काढायचा नव्हता, फोडायचा होता. त्यातून ‘दुभाष्याचे काम’ हा नवा रकाना निघाला. पाळ्या लावताना हा वेळही धरा, असे तिला आता रुग्णालयाला पुराव्यानिशी सांगता येईल.

जेवताना चौथा फोन आला. तिने हात धुण्याच्या आत मी घड्याळ पाहून नव्या रकान्यात वेळ टिपली.